बिनवासाची वेल

४ मार्च

आठ दिवसांच्या तापानंतर आज कामावर गेले. कामाच्या वहीत फक्त गुण लिहायचे, मतं लिहायची नाहीत, असा आमच्या टेस्टिंग रूमचा नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. बावीस वर्षं पाळला. आता मतं इतकी साचलीत की ताप बहुतेक त्यांचाच आला असावा. म्हणून ही वेगळी वही. ती कपाटात टॉवेलांखाली राहील. ह्यांना समोर ठेवलेला टॉवेल सापडत नाही, तेव्हा वही सुरक्षित आहे.

पहिलं मत: यंदाचं पीक भिकार आहे. कॉफीचे बारा नमुने चाखले. आंबट लागतं, कडू लागतं, त्यापुढे काही नाही. मालकांना सांगितलं की बागाईतदार आळशी झालेत, दुसरं काही नाही. मालक म्हणाले, पण मागच्या आठवड्यात मौनीने हेच नमुने चांगले ठरवले होते.

मौनी म्हणजे माझ्या हाताखालचा टेस्टर. वय अडतीस, नऊ वर्षं माझ्याकडे आहे. दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन ‘हो बाई’ असतात. असल्या गप्प माणसांपासून जपून राहावं. मी आजारी असताना माझ्या खुर्चीची उंची कुणीतरी वाढवली होती. कुणी ते विचारायची गरज नव्हती. मी ती पुन्हा खाली केली आणि त्याच्याकडे बघत बसले.

१२ मार्च

गोदामामागच्या कुंपणावर एक वेल सापडली. पानं समोरासमोर, बदामी, टोकाला निमुळती. काय तिचा जोम! तारेला, पाइपला, एका पडक्या सायकललाही तिने मिठी मारली होती. मला आवडली. आमच्या घरात तापानंतर सगळंच मरगळलंय, माझ्यासकट, तेव्हा असलं काहीतरी उद्धट गॅलरीत हवंच होतं.

वॉचमनला म्हटलं, दोन फांद्या नेते. तो म्हणाला, दोन कशाला, सगळी न्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो फारच उदार निघाला.

२१ मार्च

धाकटे भाऊजी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांना वेलीचे फोटो पाठवले होते. आज फोन आला. दोन पानांच्या देठांच्या मध्ये जो चिमुकला खवला आहे, त्यावरून त्यांनी कुळ ओळखलं. कॉफीचं कुळ! माझ्या पोटापाण्याच्या झाडाची ही भावकी निघाली. वंशाचं नाव पेडेरिया, वैद्य लोक प्रसारणी म्हणतात.

मग भाऊजी जरा घुटमळले. म्हणाले, “वहिनी, पण हा वंश वासासाठी बदनाम आहे. नावाचाच अर्थ घाण असा होतो. एक पान चुरडून बघा, म्हणजे खात्री पटेल.”

फोन हातात ठेवूनच चुरडलं. एक पान, मग पाच. बोटं हिरवी झाली. नाकाला लावून हुंगलं, पुन्हा हुंगलं. काही नाही. अगदी शून्य. तसं सांगितलं.

भाऊजींच्या आवाजात मी त्यांच्या लग्नातही एवढा आनंद ऐकला नव्हता. ह्या वंशात बिनवासाची जात आजवर त्यांच्या तरी ऐकण्यात नाही म्हणे. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता, पण वहिनींचं नाक म्हणजे प्रयोगशाळा. ऑगस्टमध्ये सुट्टी मिळाली की येऊन नमुने नेणार, लेख लिहिणार, आणि जातीला माझं नाव देणार. मी वरवर नको नको म्हटलं.

९ एप्रिल

वेलीने गॅलरीचे गज धरले. रोज सकाळी शेंडे नखाने खुडते आणि फांद्या वळवून बांधते. वीस मिनिटं जातात, मग तशीच बस पकडते. बसमध्ये हल्ली माझ्या शेजारी कुणी बसत नाही. वयाचा मान लोकांना उशिरा का होईना कळतो.

कामावर मात्र शिस्त ढासळत चालली आहे. आज ऑफिसातली टायपिस्ट हाताला क्रीम लावून टेस्टिंग रूमच्या दारात आली. तिला दारातूनच हाकललं. वास घ्यायचीही गरज पडली नाही, ट्यूब तिच्या हातातच होती. चाखायच्या जागी बाहेरचा कुठलाही वास येता कामा नये, एवढी साधी गोष्ट लोकांना किती वेळा सांगायची? ती माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली.

मौनीचा नवा चाळा वेगळाच. आमच्याकडे वाट्या ओळीने मांडतात, कुठल्या वाटीत कुठला माल ते कुणालाच माहीत नसतं. धाकट्याने आधी चाखायचं, मोठ्याने शेवटी, म्हणजे मोठ्याची छाप धाकट्यावर पडत नाही. तर हा हल्ली एखाद्या वाटीवर आपला चमचा आडवा टाकून देतो आणि पुढच्या वाट्यांसाठी दुसरा घेतो. दहादा सांगितलं. हो बाई म्हणतो आणि पुन्हा तेच. त्या आडव्या चमच्याने माझं डोकंच फिरतं, मी त्या वाटीला रागारागाने कमी गुण देते आणि पुढे जाते. आज गुण ताडून पाहिले तर तो माल खरोखरच नासका निघाला. बावीस वर्षांचा अनुभव, रागातही चुकत नाही.

२४ एप्रिल

घरात वासावरून महाभारत चाललंय. सासूबाई पंधरा दिवस म्हणतायत की घरात कुणीतरी सतत सोडतंय. आधी त्यांनी ह्यांच्यावर संशय घेतला. एक्याऐंशीव्या वर्षीही स्वतःच्या मुलाला त्या सगळ्यांसमोर विचारतात, “पोट साफ होतं ना रे?” हे बिचारे घड्याळं दुरुस्त करतात, आवाज न करता जगायची त्यांना सवय आहे. त्यांनी मोरीकडे बोट दाखवलं.

म्हणून आज प्लंबर आला. मोरी उघडली, संडासचा पाइप उघडला, सगळीकडे नाक घालून आला. म्हणाला, ड्रेनेज उत्तम आहे. मग गॅलरीत गेला आणि दोन मिनिटांत परत आला.

“ही वेल मुद्दाम लावलीय?”

मी म्हटलं, मुद्दाम म्हणजे, स्वतःच्या हाताने वाढवलीय. तो म्हणाला, असते एकेकाला हौस, आणि हत्यारं गोळा करून गेला.

झालं. तेव्हापासून सासूबाईंनी वेलीचं नाव घेतलं. भाऊजींनीही त्यांना ह्या वंशाची ख्याती सांगून ठेवलीच होती, तेव्हा मनाचे खेळ सुरू होणारच. शेवटी मी स्पष्ट सांगितलं की ह्या घरात एकाच नाकाला महिन्याचा पगार मिळतो आणि त्या नाकाला काही वास येत नाही. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या. पहिल्यांदाच वादात मी जिंकले.

ह्यांनी आपलं कामाचं टेबल गॅलरीतून उचलून झोपायच्या खोलीत नेलं. म्हणे तिथे उजेड चांगला आहे. त्या खोलीला एक खिडकी आहे आणि तीही समोरच्या भिंतीवर उघडते.

३ मे

मौनीला मुलगी झाली. तीन दिवस रजा. टेबलावर मी एकटी, आठ वाट्या, एकही आडवा चमचा नाही. किती शांत वाटलं. आठही पास केल्या. माल उद्या जहाजावर चढेल.

२७ मे

तो माल पोचला आणि त्यातल्या साठ गोण्यांना बुरशीचा वास आहे असं खरेदीदारांनी कळवलं. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, आणि मग खिडकी उघडली. आवाज चढवला नाही. त्यांच्या वडिलांनी मला कामावर घेतलं होतं, ती लाज ते अजून बाळगून आहेत.

मी गोदामाच्या छपराला दोष दिला, जहाजाला दिला, समुद्राला दिला. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की खरेदीदारांचे दोन टेस्टर अठरा जुलैला इथे येणार आहेत. ते आमच्या टेबलावर बसतील, आमच्याबरोबर चाखतील. गुण जुळले तर करार पुढे चालू. नाही जुळले तर ह्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसवा, अशी त्यांची अट आहे.

बाहेर आले तर मौनी वाट्या धूत होता. मला म्हणाला, “मी रजा घ्यायला नको होती, बाई.” खुर्चीवर डोळा असलेल्या माणसाला असं बोलणं बरं जमतं.

२८ मे

कुणाला सांगणार नाही, पण आज स्वतःची परीक्षा घेतली. चार कांदे चिरले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हणजे नाक शाबूत आहे. भाजीला दोनच कांदे लागणार होते, पण मला इतकं हायसं वाटलं की चारही टाकले.

१६ जून

काल गॅसवर भाजी ठेवून मी शेजारीच उभी होते. हे धावत आले आणि त्यांनी गॅस बंद केला. भांड्यात कोळसा. मी म्हटलं, मी विचारात होते. हे म्हणाले, हो, विचारात असशील. त्यांनी इतक्या हळू आवाजात म्हटलं की मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडले.

आता लिहूनच टाकते. दुपारी सगळे झोपल्यावर मी साबण हुंगला. मग रॉकेलचा डबा. मग ह्यांचे मोजे. साबणात आणि मोज्यात फरक वाटला नाही. कदाचित सर्दी अजून रेंगाळत असेल. कदाचित साबणच बदलला असेल. पण मोजे बदललेले नाहीत, तेच आहेत, गेल्या आठवड्यातले.

हे पान फाडून टाकावं का? राहू दे. अठरा जुलैनंतर फाडीन.

१० जुलै

वेलीला फुलं आली. बोटाच्या पेराएवढी नळकांडी, बाहेरून पांढुरकी, आतून गर्द जांभळटलाल, मखमली. एवढी सुंदर गोष्ट माझ्या हाताने घडली ह्यावर माझाच विश्वास बसेना. सासूबाईंना दाखवायला गेले तर त्या ट्रंक भरत बसल्या होत्या. धाकट्याकडे जाऊन राहीन म्हणतात. म्हटलं, जा की, हवापालट होईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांची ट्रंक भरत होते.

मला एक कल्पना सुचली आहे. पाहुण्यांच्या टेबलावर कधीच फुलं नसतात, कारण फुलाला वास असतो. पण ही तर बिनवासाची! कॉफीच्या टेबलावर कॉफीचंच भावंड. साठ गोण्या विसरून ते लोक माझी ही वेल लक्षात ठेवतील.

१८ जुलै

जे झालं ते क्रमाने लिहिते.

सात वाजता ऑफिसात पोचले. चार हात वेल कापून आणली होती. खालची पानं ओरबाडून काढली, देठ वाकवून वाकवून एका बसक्या काचेच्या भांड्यात वळसे घातले, फुलं वर ठेवली. मग रीतीप्रमाणे तपासणी केली. भांड्यात तोंड घालून तीनदा हुंगलं. कामाच्या वहीत लिहिलं: सजावट तपासली, वास नाही. खाली सही केली.

नऊला मालक पाहुण्यांना घेऊन आले. एक उंच माणूस आणि एक पांढऱ्या केसांच्या बाई, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या. बाई दारातच थबकल्या. उंच माणसाने आधी उजव्या बुटाचा तळ बघितला, मग डाव्या. मालकांनी उंच माणसाकडे बघितलं. उंच माणसाने मालकांकडे बघितलं. मला वाटलं वेल बघून भारावले. मी माहितीही सांगायला लागले, की ही कॉफीच्याच कुळातली आहे, मी स्वतः वाढवली आहे.

तेवढ्यात मौनी उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

“माफ करा,” तो म्हणाला. “माझं पोट बिघडलंय. मघापासून आवरत नाही. मी बाहेर थांबतो, तुम्ही सुरू करा.”

नऊ वर्षांत एवढं सलग तो पहिल्यांदाच बोलला. जाताना त्याने खिडक्या उघडल्या आणि माझं वेलीचं भांडं उचलून बरोबर नेलं. मला संताप आला. माझी वेल कशाला नेतो हा?

सहा वाट्या मांडलेल्या होत्या. पाहुण्यांनी भुरके मारले, थुंकले, गुण लिहिले. मग माझी पाळी आली. चमचा बुडवून मी पहिल्या वाटीवर वाकले. दुसरी. तिसरी. सगळ्यांतून नुसती वाफ आली. मी सवयीने ओळीकडे नजर टाकली, आणि कुठल्याच वाटीवर चमचा आडवा नव्हता.

तेव्हा मला कळलं. चमचा कशासाठी असायचा ते कळलं, रागाने दिलेले गुण बरोबर कसे यायचे ते कळलं, त्याच्या रजेत साठ गोण्या कशा सुटल्या ते कळलं. साबण आणि मोजे तर आधीच कळले होते, फक्त मी ते पान उलटलं होतं.

सगळ्यांना दहाही रकान्यांत सात-सात गुण देऊन सुटता आलं असतं. सात म्हणजे बरी, ना धड चांगली ना वाईट, आणि बावीस वर्षांच्या नावापुढे कुणी फार वाद घातला नसता. मी तसं लिहायला पेनही टेकवलं. पण दाराच्या काचेतून बाहेरचा पॅसेज दिसत होता. मौनी दोन्ही हातांत ते भांडं धरून भिंतीशी उभा होता. ऑफिसातली माणसं त्याला वळसा घालून, नाकं दाबून, हसत हसत जात होती. टायपिस्टने तर फाइलने वारा घातला. तो मान खाली घालून फुलं सांभाळत होता, एकही पडू न देता.

मी पेन ठेवलं आणि म्हटलं, “मला हे टेबल चाखता येणार नाही. मला वास येत नाही. मार्चपासून येत नाही. त्याच्या पोटाला काही झालेलं नाही, हा वास माझ्या वेलीचा आहे. आणि बुरशीचा माल मी पास केला होता.”

मालक खुर्चीत बसले. उंच माणूस काहीतरी लिहीत होता तो थांबला. पांढऱ्या केसांच्या बाईंनी माझा हात मागितला. मी दिला. त्यांनी तो नाकाजवळ नेला, एकदाच श्वास घेतला आणि अगदी कामाच्या सुरात म्हणाल्या, “हो, हाच.” मग म्हणाल्या, “त्या माणसाला आत बोलवा, वाट्या गार होतायत.”

मौनी आत आला आणि एकट्याने सहा वाट्या चाखल्या. पाच वाट्यांचे गुण त्या बाईंशी तंतोतंत जुळले, सहावीत अर्ध्याचा फरक पडला. करार राहिला. मी हात धुवायला गेले आणि साबण संपेपर्यंत धूत राहिले, कारण कधी थांबायचं तेच मला कळत नव्हतं.

१९ जुलै

ह्यांना विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं. म्हणाले, तापातून उठलीस त्याच आठवड्यात. घड्याळाच्या तेलाची बाटली तुझ्या उशीवर सांडली होती आणि तू तिच्यावर झोपलीस.

“मला आधी वाटलं तू सुधारलीस,” हे म्हणाले.

मग सांगितलं का नाही? म्हणाले, नाक हा तुझा प्रांत, त्यात मी काय बोलणार. मला भयंकर राग आला. माणूस चार महिने नासक्या वासात बायकोशेजारी झोपतो आणि तिला दुखवायला नको म्हणून बिनउजेडाच्या खोलीत घड्याळं उघडून बसतो, ह्याला काय म्हणायचं? मी त्यांना मूर्ख म्हटलं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांच्या शर्टालाही वास असणार. तोही आला नाही.

सासूबाईंकडे गेले. त्या ट्रंकेवर बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “म्हणजे तुला खरंच येत नव्हता? मला वाटलं, मी जावं म्हणून लावलीस.”

मी म्हटलं, तुम्हाला घालवायचं असतं तर तोंडाने सांगितलं असतं. त्यांना ते पटलं. संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून ट्रंक रिकामी केली.

२६ जुलै

डॉक्टरांनी नाकात नळी घालून बघितलं. तापात वासाच्या नसा गेल्या. परत येतीलही, न येतीलही, औषध नाही. एवढं सांगायला त्यांनी मला तासभर बाहेर बसवलं.

भाऊजींना फोन करून म्हटलं, नोंद खोडा. जातीचं नाव त्यांनी कागदावर घोटून घोटून लिहून ठेवलं होतं. पण माणूस चांगला, माझ्या नाकाची चौकशी आधी केली आणि वेलीची नंतर.

मालक घरी आले होते. दारातून आत येताना त्यांनी मोठा श्वास घेऊन ठेवला ते मी पाहिलं. खुर्ची रिकामी ठेवता येणार नाही असं म्हणाले. बाहेरून एक शिकलेला माणूस मिळतोय, भिंतभर प्रमाणपत्रं असलेला. नाहीतर मौनी. निर्णय माझा, मी एक पत्र लिहून सही करायची.

मौनीचं नाक उत्तम आहे. पण तो चार महिने खोटं बोलला. दयेपोटी बोलला, मान्य. उद्या एखादा बागाईतदार डोळ्यांत पाणी आणून समोर उभा राहिला तर हा दयेपोटी त्याच्याही वाटीला गुण देईल. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला तोंडावर वाईट म्हणता यायला हवं. मला ते फार सहज यायचं, घरीदारी सगळ्यांना माहीत आहे. त्याला येतं का, ते मला माहीत नाही. पत्र कोरंच आहे.

४ ऑगस्ट

मौनीला घरी बोलावलं. गॅलरीच्या दाराशी टेबल मांडलं, त्यावर पत्र, पेन आणि झाकलेली एक वाटी. आधी विचारलं, चमचा का ठेवायचास. म्हणाला, “मोठ्याने शेवटी चाखायचं हा नियम तुमचाच. मला पहिली पाळी मिळायची, एवढंच.” मग म्हणाला की तो कामावर नवा असताना पहिले सहा महिने त्याचे सगळे गुण चुकायचे आणि मी मालकांना एकदाही सांगितलं नव्हतं. मला हे आठवतसुद्धा नाही. बहुतेक मी विसरले असेन सांगायला.

मग वाटी पुढे सरकवली. आत वेलीची पानं चुरडून ठेवली होती. म्हटलं, टेबलाच्या भाषेत सांग. मी वेल वाढवली, पण ती मला माहीतच नाही.

त्याने झाकण काढलं, वास घेतला आणि झाकण ठेवलं.

“जरा उग्र आहे, बाई.”

मी पत्र माझ्याकडे ओढून घेतलं. म्हटलं, बाहेरचा माणूस ह्याहून बरं सांगेल. माझं मन राखणाऱ्याला मी खुर्ची देणार नाही. तुझी बिदागी म्हणून नाही आणि माझी लाज म्हणूनही नाही.

तो पत्राकडे बघत राहिला. नंतर त्याने वाटी पुन्हा उचलली, डोळे मिटले, आणि ह्या खेपेला वाटीत नाक बुडवून घेतलं. बराच वेळ घेतला. स्वयंपाकघरातून हे आणि सासूबाई दोघं दारात येऊन उभे राहिले.

“सुरुवात हिरवी,” तो म्हणाला. “धुतलेल्या पालेभाजीसारखी. माणूस फसतो आणि जवळ जातो. मग कोबी, उकडून भांड्यात दोन दिवस विसरलेला. मग अंडं. पण नासकं अंडं एकदम येतं आणि उतरतं, हे उतरत नाही, चढत जातं. शेवटी बंद लिफ्टमध्ये कुणीतरी पादल्यासारखं, आणि सगळे एकमेकांकडे बघतायत, आणि मजला अजून यायचाय. फार लांब शेवट. कपड्याला चिकटतो. हाच वास घेऊन तुम्ही रोज माझ्या शेजारी बसायचात, बाई. मला घरी गेल्यावर जेवण जायचं नाही. बायको गरोदर होती, ती म्हणायची, आधी आंघोळ कर आणि मग माझ्याजवळ ये. तुमचा मला फार राग यायचा.”

डोळे उघडून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि नजर खाली घातली नाही.

मी विचारलं, “गुण?”

“शंभरात दोन.”

“दोन कशाचे?”

“लपवत काही नाही.”

दारातून सासूबाई म्हणाल्या, दोनही जास्त झाले. मी पत्रात त्याचं नाव घातलं आणि सही केली. त्याने ते चार घड्या करून खिशात ठेवलं, वाटी गॅलरीत नेऊन ठेवली आणि परत येऊन बसला. मला वाईट वाटलं. बावीस वर्षांचं काहीतरी त्याच्या खिशात गेलं आणि त्याचा खिसा फुगलासुद्धा नाही. पण त्याच वेळी अभिमानही वाटला, कारण असं सांगायला मी कुणाला शिकवलं असेन तर त्यालाच.

मग मी तशीच बसून राहिले आणि तो बोलला ते मनात पुन्हा घोळवलं. पालेभाजी, कोबी, अंडं, लिफ्ट. आणि ती आली. नाकात काही शिरलं नाही, पण पानांपासून शेवटापर्यंत, त्याने लावलेल्या क्रमाने, माझी वेल पहिल्यांदा मला कळली. इतकी कळली की मी उठले आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.